तिरकी दोरी

(छत्रपती संभाजीनगर येथील स्मृतिव्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मुद्रित पाठ)

शिक्षक मित्रहो, पालकहो, आणि पुढे खुर्च्या रिकाम्या असूनही मागच्या भिंतीला टेकून उभे राहिलेले बी.पी.एड.चे विद्यार्थी,

ज्या सरांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, ते मैदानावरचे शिक्षक होते. अशा माणसाच्या नावानं बोलायचं तर पदकांबद्दल, अजिंक्यपदांबद्दल बोलावं असा एक रिवाज पडून गेला आहे. आपल्या शहरात त्या विषयाला तोटाही नाही. विद्यापीठाच्या आवारात भारतीय खेळ प्राधिकरणाचं केंद्र आहे, तिथली तलवारबाजी देशाला माहीत आहे. गारखेड्याला विभागीय क्रीडा संकुल आहे. तिथं पहाटे पाचला गेलात तर सरावाला आलेली पोरं दिसतील आणि त्यांच्या पिशव्या सांभाळत बसलेले आईबापही दिसतील.

मी आज बोलणार आहे तो मुलगा या दोन्ही ठिकाणी कधी गेलेला नाही. तो तुमच्या शाळेत आहे. पीटीच्या तासाला तो रांगेत मागे मागे सरकतो. पळताना त्याचे हात पायांना साथ देत नाहीत. चेंडू आला की तो मान फिरवतो, डोळे मिटतो, आणि चेंडू छातीला लागून खाली पडल्यावर त्याचे हात जुळतात. लंगडीत दुसऱ्या-तिसऱ्या उडीला त्याचा वर धरलेला पाय जमिनीला लागतो. पाचवीत गेला तरी बुटाची नाडी आईच बांधून देते. घरी त्याला धांदरट म्हणतात, शाळेत ठोंब्या म्हणतात. आपण शिक्षक जरा सभ्य भाषेत ‘त्याला खेळाची आवड नाही’ असा शेरा मारतो. आवड नाही हे त्याला विचारून कुणी लिहिलेलं मी पाहिलेलं नाही.

अशा मुलांचे ढोबळमानानं दोन गट पडतात. पहिल्या गटाला डॉक्टर डेव्हलपमेंटल कोऑर्डिनेशन डिसऑर्डर म्हणतात, थोडक्यात डीसीडी. बुद्धी चांगली, नजर चांगली, स्नायूंत किंवा मज्जातंतूंत दाखवता येईल असा दोष नाही. पण हालचालीची आखणी करणं आणि ती वेळेवर पार पाडणं, यात मूल समवयस्कांच्या बरंच मागे राहतं आणि रोजच्या व्यवहारात अडतं. सॅसन गबे या ऑस्ट्रेलियातल्या मज्जाविकारतज्ज्ञानं १९७५ साली अशा मुलांवर एक पुस्तकच लिहिलं. पुढे १९९४ मध्ये कॅनडातल्या लंडन या गावी तज्ज्ञ जमले आणि अनेक नावं मागे पडून डीसीडी हे नाव रूढ झालं. शाळकरी वयाच्या मुलांत हे प्रमाण साधारण पाच ते सहा टक्के धरलं जातं. आपल्याकडच्या साठच्या वर्गात म्हणजे तीन मुलं झाली. हॅरी पॉटरचं काम करणारा डॅनियल रॅडक्लिफ यानं आपल्याला याच जातीचा सौम्य त्रास असल्याचं २००८ मध्ये जाहीर केलं होतं. पडद्यावर झाडूवर बसून उडणाऱ्या या पोराला बुटाची नाडी बांधणं जड जायचं.

दुसरा गट संधी न मिळालेल्यांचा. फ्लॅटमध्ये वाढलेली, शाळेतून थेट ट्यूशनला जाणारी, करोनाची दोन वर्षं पडद्यासमोर काढलेली मुलं. सातवीनंतर ‘आता पळू नकोस’ असं घरून सांगितलेल्या मुली. ऊसतोडीच्या हंगामात आईबापांबरोबर कारखान्याच्या पट्ट्यात जाऊन मधेच शाळेत परतणारी बीड-जालन्याकडची लेकरं. यातली शेवटची पोरं काटक असतात, झाडावर सरसर चढतात, पण बास्केटबॉल हातात दिला की बुजतात, कारण तो चेंडू त्यांनी आधी पाहिलेलाच नसतो. मैदानावर पहिल्या दिवशी हे दोन गट एकमेकांपासून ओळखू येत नाहीत. निदान करणं हे आपलं कामही नाही. आपलं काम शिकवण्याचं आहे, आणि त्याची सुरुवात दोघांच्या बाबतीत सारखीच आहे.

आता आपला पीटीचा तास कसा चालतो ते बघू. घंटा झाली की रांगा, मग कवायत, मग ‘जा, खेळा’. दोन कप्तान पुढे येतात, एकेक गडी मागून घेतात. शेवटी जो उरतो त्याच्यावरून भांडण होतं: ‘सर, याला आमच्याकडं नका देऊ, मागल्या वेळी आम्हीच घेतला होता.’ हे वाक्य मराठवाड्यातल्या एकाही शाळेत ऐकू येत नाही असं सांगणारा शिक्षक मला भेटायचा आहे. मग खेळ सुरू होतो. खो-खोत हा मुलगा पहिल्या अर्ध्या मिनिटात बाद होऊन बसतो. क्रिकेटमध्ये तो अशा ठिकाणी उभा असतो की जिथं चेंडू येत नाही, आणि आला तर सगळे ओरडतात. पस्तीस मिनिटांच्या तासात त्याच्या हाताला चेंडू किती वेळा लागला हे मोजून बघा. दोनदा, तीनदा. एकदाही नाही, असंही निघतं. उत्तम खेळणाऱ्या पोराला त्याच तासात चाळीस वेळा चेंडू मिळालेला असतो. म्हणजे ज्याला येतं त्याला सराव, ज्याला येत नाही त्याला सावली. गणिताच्या तासाला पहिलंच उदाहरण चुकलं म्हणून मुलाला वर्गाबाहेर बसवलं तर पालक मोर्चा आणतील. मैदानावर आपण तेच रोज करतो आणि त्याला खेळाचा नियम म्हणतो.

अमेरिकेत नील विल्यम्स नावाच्या अध्यापकानं १९९२ मध्ये शारीरिक शिक्षणाच्या नियतकालिकात अशा खेळांची चक्क एक काळी यादीच छापली होती. डॉजबॉल, संगीत खुर्ची, रिले शर्यती, सगळे त्यात. त्याची मोजपट्टी साधी होती. मूल सगळ्यांदेखत फजीत होतं का? बाद झालेलं मूल बसून राहतं का? प्रत्यक्ष हालचाल किती जणांची होते? यादी वाचून तिथले बरेच शिक्षक चिडले. मलाही ती सगळीच्या सगळी पटत नाही. विषामृत आणि संगीत खुर्ची बंद करा असं मी म्हणणार नाही, वाढदिवसाला खुशाल खेळा. पण बाद झालेल्यानं बसून राहायचं हा नियम आकाशातून पडलेला नाही. बाद झालेला मैदानाला एक फेरी मारून परत येतो, एवढा बदल केला तरी खेळ चालतो आणि मूल हलतं राहतं.

आता व्याख्यानाच्या नावातली दोरी.

मुस्का मॉस्टन हा शिक्षक मूळचा इस्राएलचा, पुढे अमेरिकेत गेला. १९६६ साली त्यानं शारीरिक शिक्षण शिकवण्याच्या पद्धतींवर पुस्तक लिहिलं. त्याच्या मांडणीत एक दोरीचा प्रयोग आहे, आणि आपल्या कुठल्याही शाळेत तो उद्या सकाळी करता येईल. दोन मुलांना दोरी कमरेएवढ्या उंचीवर आडवी धरायला सांगा आणि बाकीच्यांना तिच्यावरून उड्या मारायला लावा. मग दोरी थोडी वर घ्या. पुन्हा उड्या. पुन्हा वर. दरवेळी काही मुलं गळतात. शेवटी एक-दोघं उरतात, टाळ्या होतात, आणि आपण ‘उंच उडीचा पाठ झाला’ असं टाचण वहीत लिहितो. या पाठात सगळ्यांत कमी उड्या कुणी मारल्या? ज्याला उडीची सगळ्यांत जास्त गरज होती त्यानं.

आता त्याच दोरीचं एक टोक घोट्याजवळ धरा आणि दुसरं छातीजवळ. दोरी तिरकी झाली. मुलांना एवढंच सांगा, ‘कुठूनही उडी मारा.’ पुढची पाच मिनिटं तुम्ही काही बोलू नका, बघत राहा. ठेंगणा मुलगा खालच्या टोकाकडून उडेल. दुसऱ्या फेरीत तो अर्धा हात वर सरकेल, कारण पहिली उडी फारच सोपी गेली. उंच पोरगं थेट वरच्या टोकाकडे धावेल, दोरीला पाय अडकवेल आणि मुकाट्यानं थोडं खाली येईल. कुणी बाद नाही, कुणी बसलेलं नाही, आणि दर मुलाच्या उड्या सारख्याच. अवघड किती हे ठरवण्याचा अधिकार मुलाकडे गेलेला असतो. वरच्या टोकाकडून उडणारे खालच्यांना चिडवतील अशी भीती शिक्षकांना वाटते. पहिल्या दिवशी चिडवतातही. पण सगळेच सतत उडत असले की दुसऱ्याकडे बघायला फुरसत राहत नाही. चिडवाचिडवी रांगेत फोफावते, आणि इथं रांगच नसते.

ही दोरी एकदा डोक्यात बसली की तास आखण्याची रीतच बदलते. नेमबाजीला एकच रेघ कशाला? तीन रेघा आखा, मुलगा आपली रेघ निवडेल. बास्केटबॉलची रिंग दहा फुटांवर असते, तिच्या खांबाला पाच फुटांवर सायकलचं जुनं टायर बांधा. बॅट पेलत नसेल तर धोपटणं द्या. साहित्य, अंतर, वेग, जागा, गड्यांची संख्या या सगळ्या गोष्टी शिक्षकाच्या हातातल्या आहेत. मुलाचा मेंदू आपल्या हातात नाही.

झेल घेणं शिकवणं हे माझ्या मते या कामातलं सगळ्यांत रसाळ प्रकरण आहे, म्हणून तिथं जरा थांबतो. झेल सुटला की आपण ओरडतो, ‘चेंडूकडे बघ!’ तो बघत नाही कारण त्याला भीती वाटते, आणि भीती वाटते कारण आजवर चेंडू त्याला फक्त लागलेला आहे. तेव्हा चेंडू आधी बाजूला ठेवा. पातळ ओढणीचा हातभर चौकोनी तुकडा घ्या. तो वर उडवला की तरंगत, डुलत खाली येतो. मुलाला बघायला, विचार करायला आणि हात पुढे न्यायला वेळ मिळतो. तो लागत नाही, त्यामुळे मान फिरत नाही. ओढणी जमली की मोज्यात कागदाचा बोळा कोंबून केलेला चेंडू. मग तोच मोजा दोरीनं लिंबाच्या फांदीला टांगा. टांगलेला चेंडू कुठून येणार आणि कुठे जाणार हे आधीच कळतं, त्यामुळे मूल अंदाज बांधायला शिकतं. त्यानंतर मऊ मोठा चेंडू, तोही जमिनीवर एक टप्पा देऊन. टप्प्यामुळे वेग मरतो आणि नजरेला सवड मिळते. टेनिसचा चेंडू थेट हातात, ही शेवटची पायरी. आपण नेमकी तिथून सुरुवात करतो.

या पायऱ्यांत मुलाची प्रगती दिसते, फक्त ती कुठं बघायची हे माहीत हवं. आधी मान फिरवणं थांबतं. मग मूल चेंडू दोन्ही हातांनी छातीशी कवटाळतं. त्याला झेल म्हणायचं नाही असं क्रिकेटवाले म्हणतील, पण विकासाच्या भाषेत ती एक स्वच्छ पायरी आहे. पुढे कोपरं वाकतात, हात चेंडूच्या सोबत मागे येतात आणि फक्त पंजांत चेंडू बसतो. डेव्हिड गॅलाह्यू यांनी प्रत्येक मूलभूत कौशल्याचे असे प्राथमिक, मधले आणि परिपक्व टप्पे मांडले आहेत. छातीशी कवटाळणाऱ्या मुलाला ‘शाब्बास, आता मान फिरत नाही तुझी’ असं म्हणणारा शिक्षक आणि ‘अरे, नीट पकड ना’ म्हणणारा शिक्षक, या दोघांच्या तासांत फार मोठं अंतर पडतं.

दोरीवरच्या उड्यांचंही तसंच. सुतळीची हलकी दोरी देऊ नका. ती हवेत विस्कटते आणि मुलाला तिची चाहूल लागत नाही. जाड सुती दोरी घ्या, जमलं तर थोडी ओली करून. पहिल्यांदा उडी नाहीच. दोरीची दोन्ही टोकं एका हातात धरून बाजूला फिरवायची, ती जमिनीला लागल्याचा आवाज ऐकायचा आणि त्या आवाजावर नुसतं गुडघ्यात लवायचं. मग आवाजावर जागच्या जागी उडी. हात आणि पाय यांची गाठ सगळ्यात शेवटी.

कॅनडातल्या हेलेन पोलाताइको आणि अँजेला मँडिच यांनी डीसीडीच्या मुलांसाठी एक पद्धत घडवली. तिचा गाभा चार पायऱ्यांचा आहे. काय करायचंय? कसं करशील? करून बघ. जमलं का, नाही तर काय बदलशील? नवल त्या पायऱ्यांत नाही. उत्तर मुलानं द्यायचं असतं, ते महत्त्वाचं. शिक्षकाला उत्तर माहीत असूनही गप्प बसावं लागतं, आणि आम्हा पीटीच्या लोकांना गप्प बसणं म्हणजे शिक्षाच. गळ्यात शिट्टी असते ना! पण मुलानं स्वतः ‘सर, मी पाय जरा मागं ठेवतो’ असं म्हटलं की ते त्याच्या लक्षात राहतं. २०१९ साली आलेल्या आंतरराष्ट्रीय शिफारशींचा सूरही असाच आहे. नुसते स्नायू, नुसता तोल असे सुटे व्यायाम घोटवण्यापेक्षा मुलाला जी गोष्ट करायची आहे तीच धरून सराव द्यावा. लगोरी खेळायची असेल तर लगोरीच शिकवा.

लगोरीचं नाव निघालं म्हणून सांगतो. हे सगळं परदेशातून आणावं लागतं अशी समजूत करून घेऊ नका. आपल्या गल्लीतल्या पोरांनी यावर फार पूर्वीच उपाय काढलेले आहेत. धाकटा भाऊ मागे लागला तर त्याला कच्चा लिंबू म्हणून खेळात घेतात, कुठे दूधभात म्हणतात. तो पळतो, ओरडतो, सगळं करतो, फक्त बाद होत नाही. मैदानात राहण्याचा हक्क त्याला कौशल्याच्या आधीच मिळतो. अर्थात त्यात एक खोट आहे. त्याचा गुण धरत नाहीत, आणि हे त्याला दोन दिवसांत कळतं. नववीतल्या मुलाला कच्चा लिंबू करून ठेवलं तर तो खेळात असून नसल्यासारखाच. पोरांकडून पहिली अर्धी गोष्ट घ्यावी. दुसरी अर्धी आपण जोडावी, म्हणजे त्याचाही गुण धरला जाईल असा नियम आखावा. लगोरी रचायला प्रत्येक गड्याचा एक दगड हवाच, असा नियम केला की सगळ्यांत सावकाश पोरालाही संघ वाट मोकळी करून देतो. तेव्हा त्याच्यासाठी ओरडणारे तेच असतात, जे एरवी त्याच्यावर ओरडतात.

गडी वाटून घेण्याची जुनी रीतही आठवून बघा. सारख्या तोडीचे दोघे गळ्यात हात घालून बाजूला जायचे, कानात नावं ठरवायचे, एक चांद आणि एक सूरज, आणि कप्तानापुढे येऊन विचारायचे, कुणाला कोण हवा? कप्तान नाव मागायचा, मुलगा नाही. संघ समतोल व्हायचे आणि शेवटी एकटं कुणी उरायचं नाही. शिक्षणशास्त्राची पदवी न घेतलेल्या पोरांची ही सोय होती. आपण ती मोडली आणि तिथं कप्तानांची निवड आणून बसवली.

तालमीतही असंच होतं. चांगला वस्ताद सगळ्यांना एकच मेहनत देत नसे. नव्या पोराला जोर किती, बैठका किती, लढत कुणाशी, हे ज्याच्या त्याच्या अंगाप्रमाणे ठरे. शाळेत मात्र लष्करी कवायतीचा वारसा आला. एक शिट्टी, एक हुकूम, साठ शरीरं. मुंबई प्रांतात १९३७ मध्ये खेर मंत्रिमंडळानं स्वामी कुवलयानंदांच्या अध्यक्षतेखाली शारीरिक शिक्षणाची समिती नेमली, १९३८ मध्ये कांदिवलीला प्रशिक्षण संस्था निघाली आणि शाळांना शिकलेले शिक्षक मिळू लागले. मराठवाडा तेव्हा निजामाच्या राज्यात होता. हे वारं आपल्याकडे उशिरा आलं आणि आलं तेव्हा त्यातली कवायत आधी पोचली. कवायतीला माझा विरोध नाही. पण तिच्यात चुकणारा मुलगा ओळ बिघडवतो, म्हणून तो आधी काढला जातो.

२६ जानेवारीच्या लेझमीच्या तालमी ज्यांनी घेतल्या आहेत त्यांना हे माहीत आहे. चौ आवाज या सोप्या हातापर्यंत सगळे असतात. आदि लगाव हा अवघड हात सुरू झाला की चार-पाच जणांना बाजूला घेतलं जातं. त्यांना पाणी वाटायचं, नाहीतर चपला सांभाळायचं काम मिळतं. पाहुण्यांसमोर ओळ सरळ दिसते. खरं म्हणजे अडखळणाऱ्या मुलाला लेझमीइतकं सोयीचं साधन नाही. हलगीचा ठेका बाहेरून मिळतो, त्यामुळे कधी हलायचं हा अर्धा प्रश्न सुटलेला असतो. लेझीम स्वतः आवाज करते, त्यामुळे चुकलं की त्याचं त्यालाच ऐकू येतं. ठेका सावकाश करा, त्याला पक्क्या मुलाच्या शेजारी उभं करा आणि संचलनात त्याच्या ओळीला चौ आवाजच ठेवा. सगळ्या ओळींनी एकच हात करायला हवा असं लेझमीच्या कुठल्या शास्त्रात लिहिलं आहे? पाहुणे येऊन चहा घेऊन निघून जातात.

चाचण्यांबद्दल एक गोष्ट मला खटकते. खेलो इंडियाच्या शालेय चाचण्यांत पाच ते आठ वर्षांच्या मुलांसाठी फ्लेमिंगो तोल चाचणी आणि प्लेट टॅपिंग आहे. पहिल्या चाचणीत अरुंद पट्टीवर एका पायानं उभं राहून मिनिटभरात किती वेळा तोल जातो ते मोजायचं. दुसऱ्या चाचणीत दोन चकत्यांवर आळीपाळीनं हात मारत पंचवीस फेऱ्या पुऱ्या करायच्या. म्हणजे तोल आणि हाताचा समन्वय. चांगल्या चाचण्या आहेत. पण मूल चौथीत गेलं की या दोन्ही जातात आणि ५० मीटर धावणं, ६०० मीटर, बसून पुढे वाकणं, पोटाचे व्यायाम, पुश-अप्स येतात. ताकद, वेग, दम, लवचीकता हे सगळं मोजलं जातं आणि समन्वय कागदावरून नाहीसा होतो. जणू आठव्या वर्षानंतर सगळ्यांना झेल घेता येतोच. ‘वय वाढलं की जमेल’ हे आपलं आवडतं वाक्य आहे. फिनलंडमध्ये अशा मुलांचा पंधराव्या वर्षापर्यंत पाठपुरावा केला, तेव्हा जवळपास निम्म्यांची अडचण तशीच होती. १९८० मध्ये व्हर्न सीफेल्ट या अभ्यासकानं मांडलं होतं की मूलभूत हालचाली न आलेलं मूल पुढच्या खेळांच्या उंबरठ्यावरच अडतं. मग ते खेळत नाही. खेळत नाही म्हणून येत नाही, येत नाही म्हणून आणखी खेळत नाही.

कायद्याचं थोडक्यात सांगतो. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याच्या अनुसूचीत विशिष्ट अध्ययन अक्षमतेच्या व्याख्येत डिस्प्रॅक्सिया, म्हणजे हालचालीच्या आखणीची याच जातीची अडचण, हा शब्द आहे. प्रमाणपत्रासाठीच्या चाचण्या मात्र वाचन, लेखन आणि गणित यांच्याभोवती फिरतात, त्यामुळे मैदानावरचं मूल त्यात क्वचितच सापडतं. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ मध्ये आपल्याच राज्यात, पालघरला सुरू झाला. त्याची पथकं शाळांत तपासणीला येतात, आणि विकासातली दिरंगाई ही त्यांच्या यादीत आहे. पथक आलं की पीटीच्या सरांनी वर्गशिक्षकाच्या शेजारी उभं राहावं आणि ‘याला जरा बघा’ म्हणावं. डॉक्टरांना मूल दोन मिनिटं दिसतं, ते खुर्चीवर बसलेलं. पळताना आपणच बघतो. एखादं मूल हल्ली हल्लीच पडायला लागलं असेल, आधी जमणारं आता जमेनासं झालं असेल, तर मात्र तिरकी दोरी वगैरे काही नको. त्याच आठवड्यात पालकांना बोलावून बालरोगतज्ज्ञांकडे धाडा.

आता तुमच्या मनातलं बोलतो. वर्गात सत्तर मुलं, मैदान म्हणजे पार्किंग सोडून उरलेली जागा, एप्रिलमध्ये सकाळी नऊलाच चटके, नळाला पाणी कधी येईल त्याचा नेम नाही, आणि पीटीचे सर निवडणुकीच्या कामावर. शिक्षण हक्क कायद्यानं प्रत्येक शाळेला मैदान सांगितलं, सहावी ते आठवीत शंभराहून जास्त मुलं असतील तर अंशकालीन निदेशक सांगितला. कायदा २००९ चा आहे. आजची परिस्थिती तुम्ही माझ्यापेक्षा जास्त जाणता. हे सगळं खरं आहे आणि त्यासाठी भांडलंच पाहिजे. पण दोरी तिरकी धरायला सरळ धरण्यापेक्षा जास्त जागा लागत नाही. ओढणीचे तुकडे घरातल्या जुन्या ओढण्यांतून निघतात. उलट जागा कमी असेल तर सत्तर पोरांचं क्रिकेट अशक्य आहे आणि जोडीजोडीनं मोज्याचा चेंडू झेलणं शक्य आहे.

गुणांचा प्रश्न त्याहून अवघड आहे. जिल्ह्यापासून आंतरराष्ट्रीय पातळीपर्यंत चमकलेल्या खेळाडूंना दहावी-बारावीला सवलतीचे गुण मिळतात, जास्तीत जास्त २५. त्यामुळे मुख्याध्यापकांना, संस्थेला, पालकांना पीटीच्या सरांकडून हवं असतं ते पदक. शाळेच्या फलकावर नावं झळकतात ती जिंकलेल्यांची. दोन वर्षांत चेंडूला न घाबरणं शिकलेल्या मुलाचं नाव कुठल्या फलकावर लावणार? शिक्षकाचा गोपनीय अहवाल लिहिणाऱ्याला ते दिसतही नाही. सरांना दोष देऊन हे सुटणार नाही. ज्याचं माप घेतलं जातं त्याच्याकडेच शिक्षक वळणार.

म्हणून मी सुरुवात जिथं माझा हात पोचतो तिथं करायची म्हणतो, बी.पी.एड.च्या सराव पाठात. २०१४ च्या नियमांनी हा अभ्यासक्रम दोन वर्षांचा झाला, तेव्हा वेळ नाही ही सबब उरली नाही. आज पाठाचं निरीक्षण करताना आपण हुकमाचा आवाज, गणवेश, रांगांची रचना, प्रात्यक्षिकाचा दर्जा यांना गुण देतो. त्या पत्रकात एक रकाना वाढवायचा. तास सुरू होताना निरीक्षकानं वर्गातलं सगळ्यांत अडखळणारं मूल डोळ्यांनी हेरायचं, छात्राध्यापकाला ते कोण हे सांगायचं नाही, आणि तासभर फक्त त्याच्याकडे बघत खुणा करायच्या. चेंडू किती वेळा मिळाला, उडी किती वेळा मारली, बसून किती मिनिटं गेली. पाठाचे अर्धे गुण त्या खुणांवर. नमुना पत्रक मी छापून आणलं आहे, एकाच पानाचं आहे, व्यासपीठाच्या डाव्या बाजूला गठ्ठा ठेवलाय. मागे उभे आहेत त्यांनी ते आधी घ्यावं. सोमवारपासून तुमचे पाठ सुरू होत आहेत, आणि निरीक्षणाला मी येणार आहे.